टॅबची उतरण

आमच्या घरमालकांच्या घरात देवाला एक पाट होता आणि टॅबला एक. देवाचा पाट साधा लाकडी. टॅबच्या पाटाला मात्र चारी कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेली. घरात कुणाचा मान किती, हे नवख्या माणसाला त्यावरून कळायचं.

मी तेव्हा इंदापूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि निमगाव केतकीला त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला नानी. कॉलेजात मला सगळे मॅडम म्हणत, पण आबांच्या मते शिकवते ती बाई, मग ती पहिलीला शिकवो नाहीतर बी.ए.ला. मी सुरुवातीला एकदोनदा दुरुस्ती सुचवून पाहिली. आबांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "बरं बाई."

आबांचा पानमळा होता. विड्याच्या पानांचा. बाहेर उन्हानं जीव जात असला तरी मळ्यात शिरलं की गार सावली आणि ओल्या मातीचा वास. मात्र आत शिरायचं तर चप्पल बांधावर काढायची. हा नियम आबांनी केलेला नव्हता, पानमळा करणाऱ्या सगळ्यांचाच तो जुना रिवाज. पण इतरांनी तो पाळावा आणि आबांनी तो पाळावा, यात फरक होता. एकदा पाहणीला आलेल्या एका साहेबांनी बूट काढले आणि मोजे घालून आत पाऊल टाकलं. आबा आडवे आले. "मोजं बी काढा साहेब. मोजं म्हंजी कापडाचा बूटच."

साहेबांनी मोजे काढले. पांढरेशुभ्र पाय चिखलात टाकत ते आत गेले आणि पाहणी फार लवकर उरकून परत आले.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या सँडलला पट्टे होते, ते सोडवताना मी कुरकुरले. शास्त्रीय कारण काय, असंही विचारलं. आबा म्हणाले, "तुमी सैपाकघरात चप्पल घालता का?" मी म्हटलं, होस्टेलला घालायचो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ अशा नजरेनं पाहिलं की माझ्या आईवडिलांची मला कीव आली. मग नानींकडे वळून एकच शब्द म्हणाले, "फापडा."

नंतर कळलं की खुडलेली पानं निवडताना चांगली कोवळी पानं ती कळी आणि राठ, दुय्यम पानं ती फापडा. आबा माणसंही तशीच निवडत. गावातली निम्मी माणसं फापड्यात होती, त्यात दोन माजी सरपंच. मी कळीत गेले ते एका सापामुळे. मळ्यात माझ्या समोरून धामण गेली आणि मी ओरडले नाही. त्या दिवशी माझा घसा बसलेला होता, हे आबांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. मिळालेली बढती कोण परत करतं?

आबा स्वतः पान खात नसत. आल्यागेल्याला तबक पुढं करत, सुपारी कातरून देत, पण स्वतः घेत नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ज्येला पानी पाजून वाढीवलं त्येला चावायचं व्हय?" मी म्हटलं, मग दुसऱ्यांना कसं चावू देता? "त्यांनी कुठं वाढीवलंय," आबा म्हणाले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि ते कळायला उतरण म्हणजे काय ते कळायला हवं. पानवेल शेवरीच्या नाहीतर शेवग्याच्या आधारानं चढत चढत माणसाच्या डोक्यावर जाते. फार वर गेली की दमते, पानं बारीक येतात. मग वर्षातून एकदा तिला आधारावरून हळूहळू सोडवून खाली घेतात, बुंध्याशी तिचं वेटोळं करून मातीत पुरतात, वर माती आणि पाणी देतात आणि फक्त शेंडा तेवढा उघडा ठेवतात. पुरलेल्या वेलीला मुळं फुटतात आणि ती नव्या दमानं पुन्हा चढते. याला उतरण म्हणतात. तर आबांचं वाक्य असं, "वर चढल्याली उतरल्याबिगर फुटवा न्हाय."

हे वाक्य ते कुणालाही लावत. शेजारचे एक गृहस्थ पंचायतीच्या निवडणुकीत पडले आणि तोंड पाडून ओट्यावर येऊन बसले, तर आबांनी त्यांचं अभिनंदन केलं. "बरं झालं, उतारलात. आता फुटवा यील." ते गृहस्थ नंतर बरेच दिवस ओट्याकडे फिरकले नाहीत. आमच्या प्राचार्यांची बदली झाली तेव्हाही आबांनी हेच सांगितलं, आणि माझं लग्न मोडलं तेव्हाही. मला त्या वेळी राग आला होता, पण खरं सांगायचं तर सगळ्यांच्या समजुतींपेक्षा तेच वाक्य उपयोगी पडलं.

हे वाक्य लावायचं राहिलेलं एकच माणूस गावात होतं, ते म्हणजे आबा स्वतः.

टॅब त्यांच्या नातीचा. ती पुण्याला शिकायला होती. तिनं नवा घेतला आणि जुना, कोपऱ्यात तडा गेलेला, आजोबांना दिला. आबांनी तो पाटावर ठेवला, वर मलमलचं फडकं घातलं आणि त्या खोलीत चपलेला बंदी केली. टॅबला हात लावण्याआधी हात धुवायचे, ते कोरडे करायचे. नानी म्हणायच्या, "माझ्या हातची भाकर खाताना कदी हात धुतल्यालं आठवत न्हाय."

दुपारी चार वाजले की आबा मळ्यातून येत, हातपाय धुऊन पाटासमोर मांडी घालून बसत आणि लुडो खेळत. समोरचा गडी कुठंतरी दूर आपल्या मोबाईलवर खेळत असे. रोज तोच गडी. नातीनं टॅब देतानाच खेळातल्या मित्रांच्या यादीत तेवढा एकच घालून दिला होता. त्याला ना नाव होतं ना फोटो, नुसतं इंग्रजीत 'पाहुणा' आणि पुढं आकडे. आबाही तिकडं तसेच दिसत असणार.

"कोण आहे हा?" मी एकदा विचारलं.

"कोन जाणे," आबा म्हणाले. "पर खेळतंय कच्चं. सोंगटी मारायची सोडून घराकडं पळतंय. आमचा धाकटा ल्हानपनी आसाच खेळायचा."

स्वयंपाकघरात नानींच्या हातचं भांडं जरा जास्तच जोरात आपटलं. मी काय ते समजले आणि नानींना एकटं गाठून उरलेलं विचारून घेतलं.

आबांचा धाकटा भाऊ, म्हणजे तात्या, वालचंदनगरला कंपनीत फिटर होता. आता निवृत्त होऊन तिथंच मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होता. निमगावपासून वालचंदनगर असं काही लांब नाही, पण दोघा भावांत बऱ्याच वर्षांचा अबोला. कारण नानींनी सांगितलं ते असं.

"यांचा हात लागला मोटारीच्या वायरला, मळ्यात. चिकाटलं की तितंच. नुसतं थरथरत्यात. गडीमानसं बगत हुबी, पर म्होरं जायाची कुनाची छाती व्हईना. धाकलं भाऊजी कंपनीतनं तसंच आलं हुतं, पायात कंपनीचं जाड बूट. पळत आत गेलं आन घातली लाथ बरगडीत. ह्ये तिकडं वाफ्यात जाऊन पडलं."

"मग?"

"मंग काय. पानी मारलं, डोळं उघाडलं. आन पयलं बोलनं काय, सांगा? 'बूट घालून मळ्यात आलास?'"

मी हसले. नानी हसल्या नाहीत. "भाऊजी जरा येळ हुबं ऱ्हायलं. मंग फिरलं आन गेलं. त्येंचं पाऊल परत ह्या घरात न्हाय."

त्या साली पाणी साचून अर्ध्या गावाच्या वेली कुजल्या. आबांचाही मळा गेला. अर्ध्या गावानं पाण्याला दोष दिला, आबांनी बुटाला.

मला राहवलं नाही. मी आबांना सरळ विचारलं, तात्यांनी तुमचा जीव वाचवला ना? आबांनी शांतपणे बोटांवर मोजलं. "थोरल्या भावाला लाथ मारली. बूट घालून मारली. मळ्यात मारली."

"आणि जीव वाचवला ते?"

"त्ये येगळं."

तर असा हा अबोला, आणि त्यातून रोज चार वाजता चालणारा हा लुडो. आबांना समोर कोण आहे ते माहीत होतं, तात्यांनाही माहीत असणार, आणि दोघांनाही ते माहीत नाही असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. हे कारस्थान करणाऱ्या नातीचं मला कौतुक वाटायचं. दोन म्हाताऱ्यांमध्ये उरलेला धागा तेवढाच होता, आणि तो त्या तडा गेलेल्या टॅबमधून जात होता.

एके दिवशी खेळाच्या वरच्या बाजूला एक लाल पट्टी यायला लागली. आबा रोज तिच्या टोकाची फुली दाबून तिला हाकलत. माशी हाकलावी तशी. मी सहज वाचली, तर ती सांगत होती की टॅबची सिस्टीम फार जुनी झाली आहे, थोड्याच दिवसांत हा खेळ तिच्यावर चालणार नाही, सिस्टीम अपडेट करा.

"आबा, हा खेळ बंद पडणार."

"कोन पाडतंय?"

"कुणी नाही. टॅबच्या आतली व्यवस्था जुनी झालीय, ती नवी करावी लागेल. अपडेट."

"जुनी झाली म्हंजी काय झालं? चालतीय की. चालत्या मोटारीला कोन हात लावतंय?"

मी बराच वेळ समजावलं. आबा बधेनात. शेवटी मी, वर्गात देते तसं, ऐकणाऱ्याच्या घरातलं उदाहरण दिलं. म्हटलं, "आबा, ही उतरण आहे. वेल चढून चढून दमलीय. तिला खाली घ्यायची, मातीत घालायची, की पुन्हा जोमानं फुटेल."

आबांचा चेहरा एकदम उजळला. "आसं मराठीत सांगा की!"

शिक्षकांनी उदाहरणं जपून द्यावीत, हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

एक धोका मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितला. आबा खेळात पाहुणे होते, त्यांचा फोन नंबर जोडलेला नव्हता. काही गडबड झाली तर ती एका माणसाची यादी उडू शकत होती. मग समोरच्याला फोन करून त्याचा कोड मागावा लागला असता. "त्यापेक्षा आत्ताच फोन करून विचारून ठेवू या," मी म्हटलं.

"समोर कोन हाय त्येच म्हाईत न्हाय, तर फोन कुनाला करायचा?"

"आबा."

"न्हाय म्हाईत." मग दुसरीकडे बघत, "यादी ऱ्हाईल का पर?"

"बहुतेक राहील."

"बहुतेक," आबा म्हणाले, आणि डाग पडलेलं पान उलटून बघावं तसा तो शब्द त्यांनी पुन्हा एकदा उच्चारला. "बहुतेक."

उतरण करायची तर दिवस बघून. अमावस्या टाळली, मग बाजाराचा दिवस ठरला. टॅबमध्ये जागा नव्हती, ती करण्यासाठी मी फोटो पुसायला बसले. निम्मे सूर्योदयाचे होते, सुप्रभात लिहिलेले, निम्मे आबांनी काढलेले पानांचे. एकेका पानाचे पाचसहा. मी पानांना हात घालताच आबांनी मनगट धरलं. "सूर्य काडा. त्यो रोज उगावतो. आसलं पान रोज येत न्हाय." मी सगळे सूर्य पुसले. नारळ फोडला, टॅबवरून ओवाळून नानींनी एक लिंबूही टाकलं. माझ्या मोबाईलच्या इंटरनेटवरून अपडेट टॅबवर उतरवून घेतलं, चार्जर लावला आणि बजावलं, "आता ही रेघ पुढं सरकत राहील. ती पुरी होईपर्यंत हात लावायचा नाही. मी बाजार करून येते."

"उतरनीला हात कोन लावतंय," आबा म्हणाले. "तुमी जावा बिनघोर."

मी वांगी, शेवगा, लसूण घेऊन परत आले तर पाट रिकामा. आबा बाजेवर समाधानानं पहुडलेले.

"टॅब कुठंय?"

"निजीवलाय."

त्यांनी कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं पानाची करंडी होती, ज्यातून पानं बाजारात जातात ती. वर ओलं गोणपाट. मी ते उचललं. खाली केळीचं पान, त्याखाली ओलं धडपं, आणि त्या धडप्यात व्यवस्थित गुंडाळलेला टॅब.

"लय तापला हुता, बाई. हात लावला तर चटकाच. पान तापलं की काळं पडतंय. म्हनलं, उतरनीवर पानी द्याया पायजे, त्ये सांगायचं तुमी इसारला आसाल."

"चार्जर?"

"त्यो आदी काडला. पानी आन वायर एका जाग्यावर न्हाय ठिवायची. ह्ये मला नगा शिकवू."

मी टॅब उभा धरला. चार्जिंगच्या भोकातून पाण्याची बारीक धार लागली. मला मनस्वी राग आला होता, मी बरंच काही बोलणार होते. पण आबा उठून जवळ आले होते आणि त्यांनी त्या धारेकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "चारपत्तोर हुईल का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

चार वाजता आबा हातपाय धुऊन रिकाम्या पाटासमोर येऊन बसले. नानी दारात उभ्या. मी जिन्याच्या पायरीवर.

"तिकडं बसला आसंल," आबा म्हणाले.

"कोण?" मी मुद्दाम विचारलं.

"धाकटा."

समोर धाकटाच असतो हे इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा कबूल करत होते. नानी लगेच म्हणाल्या, "मंग लावा की फोन. नंबर हाय माझ्याकडं."

"फोन लावून काय सांगू? टॅब भिजवला? हासंल त्यो."

"हसू द्या," मी म्हटलं.

"हासू दी. त्येचं काय न्हाय." आबा पाटावरच्या पितळी फुलावरून अंगठा फिरवत राहिले. "पर आदी इचारंल, कोन बोलतंय. मंग काय सांगायचं?"

मी चिडलेली होते, म्हणून त्यांचंच वाक्य त्यांच्या अंगावर टाकलं. "आबा, वर चढल्याली उतरल्याबिगर..." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. उठले आणि मळ्यात निघून गेले. मी पुन्हा फापड्यात गेले हे मला कळलं.

टॅब तांदळात ठेवून झाला, उन्हात ठेवून झाला. रोज चार वाजता आबा पाटासमोर बसायचे आणि थोड्या वेळानं उठायचे. जेवण कमी झालं. मळ्यातल्या माणसांवर खेकसणं बंद झालं, त्याची नानींना जास्त काळजी. "तिकडच्याला काय वाटत आसंल," त्या मला म्हणाल्या. "ह्यो मेला का रुसला, त्येला कसं कळायचं?" हीच गोष्ट आबांना पोखरत होती, पण त्यांच्या तोंडून ती निघत नव्हती.

शेवटी मी त्यांना टॅब घेऊन बारामतीला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदारानं टॅब उघडला, आत पाहिलं, चिमट्यानं केळीच्या पानाचा एक तुकडा बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जे झालं ते सांगितलं. त्यानं हसू दाबायचा चांगला प्रयत्न केला. "लोक भिजलेला टॅब तांदळात घालून आणतात. पानाच्या करंडीत घालून भिजवलेला पहिलाच. हा गेला, मॅडम."

"शेंडा बी न्हाय?" आबांनी विचारलं.

दुकानदाराला कळेना. "काहीच राहिलं नाही का, असं विचारतायत," मी म्हटलं.

"काहीच नाही, आजोबा. नवा घ्या. खेळाला नंबर जोडला होता का? नव्हता? मग जुनं काही त्यात येणार नाही. समोरच्याचा कोड मागून घ्या, झालं."

इंदापूरच्या एस.टी.त आबा खिडकीशी बसले. मेलेला टॅब फडक्यात गुंडाळून मांडीवर. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कुठं डाळिंबाची बाग. गाडी जंक्शन नावाच्या गावाला थांबली. वालचंदनगरला जाणारी माणसं इथं उतरतात. चार वाजायला आले होते. कंडक्टरनं घंटी मारायला हात वर केला आणि आबा उठले.

"आबा, निमगाव पुढं आहे."

"म्हाईत हाय. निमगावातच जलमलोय," असं म्हणून ते गर्दीतून वाट काढत खाली उतरलेसुद्धा. मी पिशव्या सावरत मागून पळाले.

वडापच्या जीपमधून आम्ही वालचंदनगरला गेलो. सारख्या दिसणाऱ्या क्वार्टर्सच्या रांगा, पुढं छोटी छोटी कुंपणं, कुंपणात पपई, जास्वंद. आबांनी एकदोघांना विचारलं आणि एका फाटकापाशी थांबले. व्हरांड्यात खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. आबांसारखाच काटक, पण दाढी केलेला आणि चष्मा लावलेला. हातात मोठा मोबाईल. त्याकडे तो नुसता बघत होता, बोट हलत नव्हतं.

आबांनी फाटक उघडलं, तिथंच चपला काढल्या आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत निघाले. तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. आबा अर्ध्या वाटेत थांबले.

"चपला घालून ये," तात्या म्हणाले. "हितं काय पानमळा न्हाय."

आबा वळले. फाटकाशी गेले. आता ते तसेच बाहेर पडणार आणि आम्ही जीपची वाट बघत बसणार, अशी माझी खात्री झाली. आबांनी चपला घातल्या आणि परत आले. चपला घालूनच व्हरांड्याच्या पायऱ्या चढले, चपला घालूनच समोरच्या खुर्चीवर बसले. घरात चप्पल घातलेले आबा मी त्याआधी पाहिले नव्हते, त्यानंतरही नाही.

"टॅब भिजला," ते म्हणाले.

"कसा?"

"करंडीत ठिवला हुता. ओल्या धडप्यात."

तात्यांचे खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले की आतून सून बाहेर आली. आबा मान खाली घालून ऐकत होते. हसता हसता तात्यांचा आवाज बदलला. "येड्या, म्या म्हनलं मेलास. रोज लावून बसतुय, तू न्हाईसच. निमगावात कुनाला इचारायची बी भ्या वाटायची."

"न्हाय मेलो," आबा म्हणाले.

सुनेनं चहा आणला. तात्यांनी मोबाईल मधल्या स्टुलावर ठेवला. एकाच मोबाईलवर दोघांनी समोरासमोर खेळायची सोय त्यात होती, ती त्यांना माहीत होती. आबांना मी समजावून दिली. खेळ सुरू झाला. तात्यांना आबांची सोंगटी मारता येत होती, ती सोडून ते घराकडं पळाले.

"मार की," आबा म्हणाले.

"नगं."

"कच्चंच खेळतुयास आजून."

मला फार बरं वाटत होतं. सगळं संपलं असं समजून मी चहा प्यायले. तेवढ्यात आबांचा हात फाशावर तसाच राहिलेला दिसला. ते व्हरांड्याच्या कोपऱ्यात, नळापाशी बघत होते. तिथं बुटांचा एक जुना जोड होता. जाड तळ, कातडं उललेलं, वर वाळलेला चिखल.

"ह्येच का त्ये?" आबांनी विचारलं.

तात्यांनीही तिकडं पाहिलं. "व्हय. झाडास्नी पानी घालताना घालतुय."

आबांचा हात बरगडीवर गेला. तो तिथंच राहिला.

"लय जोरात बसली हुती."

"हळू मारली आसती तर सुटला नसतास."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले. "तवाच म्हाईत हुतं."

तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घालायचं विसरून तसाच हातात धरून बसले. आबांनी फासा टाकला, सोंगटी पुढं सरकवली आणि मोबाईल भावाकडे ढकलला.

"टाक," ते म्हणाले. "आन यंदा उतरनीला ये."

"बूट घालून?" तात्यांनी विचारलं.

आबांनी जरा विचार केला.

"बांधापत्तोर घालून ये," ते म्हणाले.